दुखणं अंगावर कोण काढतं, आणि का?

पाऊलखूण

आरोग्याच्या पाहण्यांमध्ये एक साधा प्रश्न हमखास असतो: "एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे? उत्तम, चांगली, ठीक की वाईट?" मी अशाच पाहण्यांच्या कामात आहे. या प्रश्नाला आलेलं उत्तर कितपत धरून चालायचं, यावर आमच्यात नेहमी वाद होतो. म्हणून इथे विचारते.

आधी एक जुनी पाहणी सांगते. १९४४ साली, म्हणजे बंगालच्या दुष्काळाच्या पुढच्याच वर्षी, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थने लोकांना तब्येतीबद्दल विचारलं. विधुरांपैकी ४८.५ टक्के पुरुषांनी आपण आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे, असं सांगितलं. विधवांमध्ये हेच प्रमाण होतं २.५ टक्के. नुसता 'यथातथा'चा रकाना पाहिला तर त्यात ४५.६ टक्के विधुर होते आणि विधवा एकही नव्हती. अमर्त्य सेन यांनी हे आकडे पुढे आपल्या लिखाणात वापरले, म्हणून ते आज आपल्याला माहीत आहेत.

दुष्काळात होरपळलेल्या, घरात ज्यांच्या पानात सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी पडत असेल त्या बायका विधुरांपेक्षा ठणठणीत होत्या, यावर माझा विश्वास बसत नाही. त्या खोटं बोलल्या असंही मला वाटत नाही. माझं मत असं की, माणूस आपल्या तब्येतीला जे माप लावतो ते त्याला समाजाने दिलेल्या जागेवरून ठरतं. जिच्या दुखण्याची कुणी कधी दखलच घेतली नाही, तिला ते दुखणं 'दुखणं' म्हणून मोजावंसंच वाटत नाही.

तुमचा अनुभव काय? आपली तब्येत चांगली की वाईट हे तुम्ही कशावरून ठरवता, आणि ते ठरवायला तुम्हाला कुणी शिकवलं?

दोनओळी

दुखणं अंगावर काढणारं माणूस बहुतेक घरांत एकच असतं. ते कोण, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं.

शेवंती

दोनओळी, +१. आणि ते माणूस झोपून राहिलं की मगच घराला आजारपण आल्यासारखं वाटतं.

तापमापी

धागा चांगला आहे, पण डॉक्टर म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. रक्तदाब १८० असेल तर तो १८० असतो. माणूस कुठल्या देशाचा, कुठल्या घरातला, स्त्री की पुरुष, याने पाऱ्याला फरक पडत नाही. वाढलेला रक्तदाब आणि सुरुवातीचा मधुमेह बहुतेकांना काहीच जाणवू देत नाहीत. 'मला काही होत नाही' असं म्हणत माणसं येतात तेव्हा मूत्रपिंडावर परिणाम झालेला असतो. त्यामुळे 'कसं वाटतं' यावर आरोग्य ठरवणं मला धोक्याचं वाटतं. तपासा आणि मग ठरवा.

दुसरं म्हणजे, १९४८ मध्ये अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत आरोग्याची व्याख्या आहे: केवळ रोगाचा किंवा दुबळेपणाचा अभाव नव्हे, तर संपूर्ण शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य. त्यातल्या 'संपूर्ण' या अटीत पृथ्वीवरचा एक तरी माणूस बसेल का? २०११ मध्ये माख्टेल्ड ह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वेगळी मांडणी सुचवली: समोर आलेल्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची आणि स्वतःला सावरण्याची क्षमता म्हणजे आरोग्य. मला ती जास्त पटते. दीर्घ आजार असलेला, पण औषधं घेऊन आपलं आयुष्य चालवणारा माणूस या व्याख्येत निरोगी ठरू शकतो.

पाऊलखूण

तापमापी, ती व्याख्या मलाही आवडते, पण तिच्यात एक धोका दिसतो. जुळवून घेण्याची क्षमता हेच आरोग्य म्हटलं, तर सिंगूरच्या विधवा सगळ्यात निरोगी ठरतील. त्यांच्याइतकं जुळवून कुणी घेतलं होतं?

तापमापी

हा मुद्दा बिनतोड आहे. यावर विचार करतो.

अंकगणित

डॉक्टरसाहेब, 'कसं वाटतं' या प्रश्नाला इतकं हलकं लेखू नका. १९९७ मध्ये एलेन आयडलर आणि याएल बेन्यामिनी यांनी २७ अभ्यास एकत्र तपासले. आपली तब्येत वाईट आहे असं सांगणाऱ्यांमध्ये पुढच्या काळात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. माहीत असलेले आजार, वय, सवयी हे सगळं हिशेबातून वजा केलं तरी जवळजवळ सगळ्या अभ्यासांत फरक शिल्लक राहिला. माणसाला स्वतःच्या शरीराबद्दल तपासण्यांत न दिसणारं काहीतरी कळत असतं.

पण हे एका समाजात, सारखंच माप वापरणाऱ्या माणसांपुरतं खरं. दोन वेगळ्या समाजांची तुलना करायला गेलं की गणित उलटं पडतं. सेन यांनीच २००२ मध्ये याचं उदाहरण दिलं होतं. भारतात सरासरी आयुर्मान सगळ्यात जास्त असलेल्या राज्यांत केरळ होतं आणि स्वतःहून सांगितलेल्या आजारांचं प्रमाणही तिथेच सगळ्यात जास्त. बिहारमध्ये आयुर्मान बरंच कमी आणि सांगितलेलं आजारपणही कमी. अमेरिकेशी तुलना केली तर तिथली माणसं केरळपेक्षाही जास्त आजार सांगतात. म्हणजे जिथे शिक्षण आहे, दवाखाना जवळ आहे, तिथे माणसाला आपलं दुखणं ओळखता येतं आणि त्यावर इलाज असतो हेही माहीत असतं. जिथे यातलं काही नाही, तिथे तेच दुखणं रोजच्या जगण्याचा भाग होऊन बसतं.

सरळरेघ

म्हणजे दवाखाना जवळ आला की माणसाला आजारी वाटायला लागतं, असाही याचा अर्थ निघू शकतो. मला खरंच तसं वाटतं. आमच्या आधीच्या पिढीत कुणाला आपल्या शरीरातल्या घटकांची पातळी माहीत नव्हती आणि ती माणसं निर्धास्त जगली. आता तिशीतली मुलं दर सहा महिन्यांनी रक्त तपासून काळजी करत बसतात. जास्त माहितीनेही तब्येत बिघडते.

अंकगणित

सरळरेघ, निर्धास्त जगली ती तुम्हाला दिसली. जी लवकर गेली ती तुमच्याशी बोलायला उरली नाहीत. केरळातली माणसं आजार जास्त सांगत होती आणि जगतही जास्त होती, हे विसरू नका.

शेवंती

तरी सरळरेघ यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझी बहीण मनगटावरच्या घड्याळात झोपेचे गुण पाहते आणि मगच रात्री झोप लागली की नाही ते सांगते :) सकाळी ताजीतवानी उठलेली असते, गुण कमी दिसले की दिवसभर मरगळलेली.

मध्यरात्र

वॉर्डात बरीच वर्षं नोकरी केल्यावर या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

दुखणं किती आहे ते आम्ही शून्य ते दहामध्ये विचारतो. सारखीच शस्त्रक्रिया, सारखाच दिवस, तरी एक पेशंट 'नऊ' म्हणतो आणि शेजारच्या खाटेवरचा 'तीन'. नवख्या परिचारिकेला वाटतं पहिला रडतोय आणि दुसरा खंबीर आहे. थोडे दिवस गेले की लक्षात येतं, 'तीन' म्हणणाऱ्याची मूठ चादरीत घट्ट आवळलेली असते. तो कूस बदलत नाही. खोल श्वास घे म्हटलं तर घेत नाही, कारण श्वासाने टाके ओढले जातात. आणि खोल श्वास घेतला नाही, खोकला दाबून धरला की फुप्फुसात कफ साचून न्यूमोनिया होण्याची भीती असते. म्हणजे सोसणाऱ्याला त्याच्या सोसण्याचा भुर्दंड पडतो.

बायकांमध्ये आणखी एक गोष्ट पाहिली आहे. 'दुखतंय का?' विचारलं की आधी जवळ बसलेल्या माणसाकडे नजर जाते, मग उत्तर येतं. कष्टाची कामं करणाऱ्या पुरुषांचंही असंच. 'दुखतंय' म्हटलं तर डॉक्टर सुटी वाढवतील आणि सुटी वाढली तर मजुरी बुडेल, एवढा हिशेब करून ते 'तीन' म्हणतात.

प्रशिक्षणात आम्हाला मार्क झ्बोरोव्स्की यांच्या १९५२ च्या अभ्यासाबद्दल शिकवलं होतं. न्यूयॉर्कमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांनी वेगवेगळ्या समाजांतल्या पेशंटांचं दुखणं अभ्यासलं. इटालियन वंशाचे पेशंट आणि ज्यू पेशंट दोघंही दुखणं मोकळेपणाने बोलून दाखवत. पण इटालियनांना आत्ताची कळ थांबायला हवी असायची आणि ती थांबली की ते सावरायचे. ज्यू पेशंटांना या दुखण्याचा पुढे काय अर्थ होईल याची चिंता असायची, म्हणून गोळीने कळ थांबली तरी ती चिंता जात नसे. पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेत असलेले लोक मात्र डॉक्टरला त्रयस्थासारखी माहिती देत आणि वेदना एकटं असतानाच बाहेर काढत. मला यातून मिळालं ते एवढंच, की दोन माणसं सारखीच कण्हत असली तरी त्यांना हवं असलेलं उत्तर वेगळं असू शकतं.

गावकुसाबाहेर

मध्यरात्र ताई, प्रतिसाद मनापासून आवडला. पण त्या अभ्यासाबद्दल सावध राहायला हवं. अमुक समाजाचा म्हणजे असा कण्हणार, ही यादी एकदा डोक्यात बसली की समोरचा माणूस दिसेनासा होतो. सोसणाऱ्यांमुळे जेवढा गोंधळ होतो तेवढाच तपासणाऱ्यांच्या डोक्यातल्या अशा याद्यांमुळे होतो.

१९९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयातला अभ्यास आला. हातापायाची लांब हाडं मोडून आलेल्यांपैकी हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिश भाषक समाजांतल्या, पेशंटांना वेदनाशामक अजिबात न मिळण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या दुप्पट होतं. हाड तेच मोडलेलं. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधनात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली. काळ्या माणसांची त्वचा जाड असते, यासारख्या निखालस खोट्या गोष्टींपैकी निदान एक तरी सुमारे निम्म्यांना खरी वाटत होती. ज्यांना त्या खऱ्या वाटत होत्या ते काळ्या पेशंटची वेदना कमी धरत होते.

तेव्हा 'संस्कृतीचा परिणाम' म्हणताना नेहमी पेशंटच्याच संस्कृतीकडे बोट का दाखवायचं? डॉक्टरांचीही एक संस्कृती असते.

मध्यरात्र

गावकुसाबाहेर, शंभर टक्के सहमत. म्हणूनच मी मुठीकडे पाहते.

उंबरठा

मला या सगळ्या चर्चेत एक गोष्ट खटकते आहे. संस्कृती, समजुती, दृष्टिकोन या शब्दांच्या आड पैसा आणि सत्ता लपून जातात. गरीब माणूस दवाखान्यात जात नाही याचं कारण त्याची समजूत असतं की त्याचा खिसा? दोन्हीचा गुंता असतो हे मान्य, पण जी बाजू बदलणं सरकारांना आणि मालकांना अवघड जातं ती सोयीस्करपणे बाजूला पडते आणि 'लोकांची मानसिकता बदलली पाहिजे' एवढंच उरतं.

१८४७-४८ मध्ये प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या अप्पर सायलेशियात (हा भाग आज बहुतेक पोलंडमध्ये आहे) टायफस या उवांमुळे पसरणाऱ्या तापाची साथ आली. प्रशियाच्या सरकारने १८४८ मध्ये रुडॉल्फ फिर्खो या २६ वर्षांच्या डॉक्टरला तिथे पाठवलं. तो भाग पोलिश बोलणाऱ्या गरीब लोकांचा. त्या काळच्या बड्या लोकांना विचारलं असतं तर ही माणसं आळशी, अस्वच्छ, अडाणी, हेच कारण त्यांनी दिलं असतं. फिर्खोला काय दिसलं? उपासमार, कोंदट घरं, परक्या भाषेतला कारभार, जमीनदारांची पिळवणूक. त्याने उपाय म्हणून लिहिलं ते असं: लोकशाही, लोकांच्या भाषेत शिक्षण, रस्ते, शेतीत सुधारणा, करांचं ओझं गरिबांवरून श्रीमंतांकडे. सरकारला औषधांची यादी हवी होती.

याच्या जोडीला व्हाइटहॉलचा अभ्यास घ्या. लंडनमधल्या सरकारी नोकरीतल्या सुमारे १८,००० पुरुषांवर १९६७ मध्ये तो सुरू झाला. पुढे मायकल मार्मट यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. यातलं कुणीही भुकेलेलं नव्हतं, सगळ्यांना कायमची नोकरी होती आणि १९४८ पासून सगळ्यांना फुकट उपचार मिळत होते. तरीही हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात खालच्या श्रेणीत सगळ्यात वरच्या श्रेणीच्या जवळपास तिप्पट होतं. मधल्या प्रत्येक पायरीवरही हा उतार दिसत होता.

सरळरेघ

खालच्या श्रेणीतली माणसं जास्त सिगारेट ओढत असतील. व्यायाम कमी असेल. शेवटी माणसाने स्वतःच्या शरीराची जबाबदारी घ्यायला नको का? सगळं परिस्थितीवर ढकललं तर माणसाच्या हातात काहीच उरत नाही, आणि ही भावनाही तब्येतीला चांगली नाही.

उंबरठा

सिगारेट जास्त होती, बरोबर. पण सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळे घटक मिळून त्या फरकाचा साधारण एक तृतीयांश भागच समजावता आला. बाकीचा तसाच राहिला. १९८५ मध्ये दहा हजारांवर स्त्री-पुरुषांचा दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात आपल्या कामावर आपला ताबा किती, हा घटक महत्त्वाचा ठरला. काम कधी करायचं, कसं करायचं, थांबायचं कधी, यातलं काहीच ज्याच्या हातात नाही, त्याच्या हृदयाला धोका जास्त.

तुमचं शेवटचं वाक्य मला पटतं. माणसाच्या हातात काहीतरी असलंच पाहिजे. म्हणूनच तर म्हणतो, ते त्याच्या हातात द्या आणि मग जबाबदारीबद्दल बोला.

दोनओळी

उंबरठा, शेवटचं वाक्य जपून ठेवलं.

आजोबा_ऑनलाईन

मुलांनो, तुम्ही देशोदेशीचे आकडे देता आहात, मी वयाबद्दल बोलतो. सत्तरी ओलांडली की कुठलंही दुखणं सांगा, उत्तर एकच मिळतं: 'या वयात असं व्हायचंच.' गुडघा असो, ऐकू न येणं असो, मन लागत नसणं असो. मी माझ्या डॉक्टरांना म्हटलं, माझा दुसरा गुडघाही याच वयाचा आहे, तो का दुखत नाही? तेव्हा कुठे त्यांनी नीट तपासलं.

म्हातारपण आणि आजार यांच्यातली रेघ कोण ओढतं? आम्ही म्हातारे स्वतःच ती चुकीच्या जागी ओढतो, कारण आजूबाजूचे तसंच ओढताना दिसतात. माझ्या एका मित्राने ऐकू येत नाही म्हणून लोकांत मिसळणं सोडलं. यंत्र लावलं असतं तर प्रश्न सुटला असता. पण चष्मा लावलेला चालतो आणि कानात यंत्र लावलं की म्हातारा, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

शेवंती

काका, दुसऱ्या गुडघ्याचा मुद्दा अफाट आहे! आईला सांगणार आहे.

निळाई

मनाच्या आजारांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

अर्थर क्लाइनमन हे मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ १९८० मध्ये चीनच्या हुनान प्रांतात, छांगशा शहरात गेले. तिथल्या दवाखान्यात न्यूरेस्थेनिया, म्हणजे मज्जातंतूंचा थकवा, हे निदान झालेले १०० पेशंट त्यांनी तपासले. त्यांच्या निकषांनुसार त्यातल्या ८७ जणांना तीव्र नैराश्य होतं. पण ते पेशंट डोकेदुखी, थकवा, चक्कर, झोप न येणं असं सांगत होते. यातला रंजक भाग असा की, न्यूरेस्थेनिया हे निदान रूढ केलं ते अमेरिकेत जॉर्ज बियर्ड यांनी, १८६९ मध्ये. तिथे ते मागे पडलं आणि चीनमध्ये टिकलं. सांस्कृतिक क्रांती नुकतीच संपलेली. त्या काळात 'मी निराश आहे' म्हणणं म्हणजे राजकीय निष्ठेवर शंका ओढवून घेणं. मज्जातंतू थकले असं म्हटलं की कुणाला जाब द्यावा लागत नसे आणि विश्रांतीही मिळत असे.

मी समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणारी माणसं 'छातीवर दडपण येतं', 'अंगात ताकद नाही' अशीच सुरुवात करतात. त्यांना घाईने 'हे मानसिक आहे' असं सांगितलं की ती परत येत नाहीत. त्यांना वाटतं आपलं दुखणं खोटं ठरवलं. आधी ते छातीवरचं दडपण खरं आहे हे मान्य करावं लागतं, कारण ते खरंच असतं.

याची दुसरी काळी बाजूही आहे. समाजाला नको असलेल्या वागण्याला आजार ठरवणं. १८५१ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याच्या इच्छेला रोगाचं नाव दिलं होतं. समलैंगिकता अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीतून १९७३ मध्ये निघाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून १९९० मध्ये. कितीतरी निरोगी माणसांनी आयुष्यभर स्वतःला रोगी समजून काढलं असेल, याचा विचार केला की राग येतो.

कोकिळा७

निळाई, सुंदर प्रतिसाद. थोडं अवांतर, पण याच धाग्यातलं.

मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट लॉक यांनी १९८० च्या दशकात जपानमधल्या रजोनिवृत्तीच्या वयातल्या बायकांचा अभ्यास केला. कॅनडा आणि अमेरिकेतल्या बायकांच्या मानाने जपानी बायकांनी अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं होण्याची तक्रार खूपच कमी केली. त्यांचा भर खांदे आखडणं, डोकं दुखणं यावर होता. त्या लपवत होत्या असं लॉक यांनी म्हटलं नाही. शरीर आणि संस्कृती एकमेकांना घडवत जातात आणि अनुभवच वेगळा होतो, अशी त्यांची मांडणी. तापमापी, पाऱ्याबद्दलचं तुमचं म्हणणं इथे थोडं अपुरं पडतं असं मला वाटतं.

आणि फिजी. तिथे परंपरेने भरदार अंगकाठीचं कौतुक होतं. १९९५ मध्ये नाद्रोगा भागात टीव्ही आला. अ‍ॅन बेकर यांनी शाळकरी मुलींना तेव्हा आणि १९९८ मध्ये प्रश्न विचारले. वजन कमी राखायला मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली पहिल्या वेळी एकही नव्हत्या. तीन वर्षांनी ११.३ टक्के. ज्या अंगकाठीला आई-आजी 'छान' म्हणत होत्या, त्याच अंगकाठीचा मुलींना त्रास व्हायला लागला. मला तरुण मुली आहेत, त्यामुळे हा आकडा मी विसरू शकत नाही.

गावकुसाबाहेर

अजून एक बाजू राहिली: आजारी ठरण्याची किंमत.

समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये मांडलं की आजारी असणं ही एक सामाजिक भूमिका आहे. तुम्हाला कामातून सूट मिळते, कुणी दोष देत नाही. त्या बदल्यात तुम्ही बरं व्हायची धडपड करायची आणि डॉक्टरांचं ऐकायचं. ही सूट प्रत्येकाला मिळत नाही, हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं. कायम नोकरीतल्या माणसाला ती मिळते. रोजंदारीवरच्याला मिळत नाही. घर सांभाळणाऱ्या बाईला कुणाकडून मागायची हेच कळत नाही. आणि काही आजारांत सूट सोडाच, हकालपट्टी होते.

कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला बहुविध औषधोपचार आहे, आजार पूर्ण बरा होतो. तरीही माणसं डाग लपवतात. लपवल्यामुळे उपचार उशिरा होतात, उशिरामुळे विकृती येते आणि विकृती पाहून भीती आणखी वाढते. माझ्या जवळच्या नात्यात हे घडलं आहे. त्या माणसाला औषधाने बरं केलं, पण घरात वेगळं ठेवलेलं भांडं पुढे कितीतरी वर्षं वेगळंच राहिलं. आता तो आपली तब्येत कशी सांगणार? तपासणीत जंतू नाही, म्हणजे निरोगी. पण त्या घरात त्याला निरोगी कुणी मानलंच नाही.

तापमापी

सगळे प्रतिसाद सावकाश वाचले. पाऱ्याचा मुद्दा मी सोडत नाही: वाढलेला रक्तदाब शोधायला तपासावंच लागतं. पण तपासायला माणूस आपल्यापर्यंत यावा लागतो आणि आल्यावर बोलावा लागतो. तिथे तुम्ही सगळे म्हणता ते लागू होतं.

२०१४ ची पश्चिम आफ्रिकेतली इबोलाची साथ आठवते. गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन. मृतदेहाला स्पर्श करून, आंघोळ घालून निरोप द्यायची तिथली रीत आणि मृतदेहातूनच संसर्ग होण्याचा मोठा धोका. सुरुवातीला संरक्षक पोशाखातली पथकं येऊन मृतदेह उचलून न्यायची. लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली, अंत्यविधी गुपचूप व्हायला लागले. त्या नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दफनाची नवी पद्धत आणली. तिच्यात कुटुंबाला सामील करून घेणं, धर्मगुरूंना बोलावणं, प्रार्थनेला वेळ देणं आलं. मानववंशशास्त्रज्ञांचा यात मोठा वाटा होता. त्या साथीत ११,००० च्या वर माणसं गेली. विषाणूबद्दलचं शास्त्र पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. पण लोकांनी दार उघडलं ते त्यांच्या माणसाला सन्मानाने निरोप देता येईल याची खात्री पटल्यावर.

निळाई यांनी क्लाइनमन यांचा उल्लेख केला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये डॉक्टरांसाठी काही प्रश्न सुचवले होते, ते मी वापरतो. हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? ते तेव्हाच का सुरू झालं असावं? यामुळे तुमचं काय अडलं आहे? तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक वेळा खरं कारण बाहेर येतं. आजोबा_ऑनलाईन, तुमचा गुडघ्याचा प्रश्न मी विद्यार्थ्यांना सांगणार आहे.

सरळरेघ

पण पाऊलखूण यांचा मूळ प्रश्न राहिलाच. उत्तर धरायचं की नाही? माझं मत: धरा, पण एकट्याने नको.

अंकगणित

सरळरेघ, या वेळी तुमच्याशी पूर्ण सहमत. यावर दोन उपाय वापरात आहेत. एक, प्रसंगचित्रं. आधी एका काल्पनिक माणसाचं वर्णन वाचून दाखवायचं: अमुक व्यक्तीला जिना चढताना दम लागतो, आठवड्यातून दोन दिवस पाठ दुखते. तिची तब्येत कशी म्हणाल? मग स्वतःबद्दल विचारायचं. त्या व्यक्तीला कुणी 'उत्तम' म्हटलं तर त्याचं माप कुठे आहे ते कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ ते २००४ च्या जागतिक पाहणीत ही पद्धत वापरली होती.

दुसरा, वाटण्याऐवजी करण्याबद्दल विचारणं. अपंगत्वाच्या आकडेवारीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आधाराने २००१ मध्ये वॉशिंग्टन ग्रुप तयार झाला. त्यांचे सहा प्रश्न आहेत: पाहणं, ऐकणं, चालणं किंवा पायऱ्या चढणं, लक्षात ठेवणं, स्वतःचं आवरणं, संवाद साधणं. यात अडचण येते का, किती? 'तुम्ही अपंग आहात का' असं कुठेही विचारत नाहीत, कारण तसं विचारलं की माणसं नाही म्हणतात.

पाऊलखूण

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या पुढच्या प्रश्नावलीचा मसुदा सुरू आहे. 'तब्येत कशी आहे' हा प्रश्न ठेवणार, पण त्याच्या आधी एक प्रसंगचित्र आणि नंतर "गेल्या महिन्यात दुखण्यामुळे कोणतं काम राहिलं, की दुखत असतानाही केलं?" असा प्रश्न घालायचं ठरवते आहे. दुसऱ्या भागाशिवाय अंगावर काढणारी बाई आकड्यांत दिसणारच नाही. मध्यरात्र, शब्द बरोबर वाटतात का?

मध्यरात्र

शब्द बरोबर आहेत. पण हा प्रश्न तिला एकटीला विचारा. सासू, नवरा, मुलगा समोर असताना तिच्याकडून 'काही राहिलं नाही' हेच येणार. आणि बऱ्याच घरांत तिच्या वतीने दुसराच कुणी उत्तर देतो, तेव्हा उत्तर कुणी दिलं याचा वेगळा रकाना ठेवा. सिंगूरच्या पाहणीत त्या विधवांना विचारताना शेजारी कोण बसलं होतं, हे मला पहिल्या प्रतिसादापासून जाणून घ्यायचं आहे.

पाऊलखूण

रकाना घातला. एकटीला विचारण्याची सूचनाही घेतली, पण त्यासाठी पाहणी करणाऱ्यांत बायका जास्त लागतील. ते मनुष्यबळ कसं मिळवायचं, यावर कुणाला अनुभव असेल तर लिहा.